सुपर स्लर्परची पन्नास वर्षं

अमेरिकेतलं पिओरिया हे इलिनॉय राज्याच्या मक्याच्या पट्ट्यातलं शहर. तिथली सरकारी कृषी प्रयोगशाळा उभी राहिली ती जादा पिकलेल्या धान्याला नवे उपयोग शोधण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचं उत्पादन वाढवायला हिचाच मोठा हातभार लागला. याच प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात विल्यम डोन, जॉर्ज फँटा, एडवर्ड बॅगली आणि ऑलिडीन वीव्हर यांनी मक्याच्या स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइलच्या साखळ्यांचं कलम केलं, ते अल्कलीत शिजवलं आणि वाळवलं. हाती आलेला पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन टम्म फुगायचा आणि दाबलं तरी ते सहजासहजी सोडत नव्हता. त्याचं नाव पडलं 'सुपर स्लर्पर'.

करामत रेणूंच्या ठेवणीत आहे. अल्कलीमुळे साखळ्यांवर जागोजागी ऋणभार येतो. हे भार एकमेकांना दूर लोटतात आणि सोबतचे सोडियमचे आयन पाणी आत ओढतात. साखळ्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे जेल फुगतं, पण विरघळत नाही. मात्र पाण्यात क्षार असले की ही ओढ मंदावते. कॅल्शियम तर दोन साखळ्यांना एकत्र जखडून टाकतं.

१९७८ मध्ये जपानच्या सान्यो केमिकलने स्टार्चवर ॲक्रिलिक आम्लाचं कलम करून कारखानदारी उत्पादन सुरू केलं. ते सॅनिटरी नॅपकिनमध्ये गेलं. पुढच्या दशकात बाळांच्या डायपरनी मागणी प्रचंड वाढवली, आणि तिथेच स्टार्चची गच्छंती झाली. निव्वळ खनिज तेलातून येणारं सोडियम पॉलिॲक्रिलेट दर खेपेला एकसारखं आणि स्वस्त मिळत होतं. मक्याला गिऱ्हाईक मिळावं म्हणून सुरू झालेलं काम पेट्रोकेमिकल उद्योगाच्या पदरात पडलं, ही या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट.

शेतीकडे नजर वळवली ती कोरडवाहू देशांनी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेलं 'पुसा हायड्रोजेल' तयार केलं आणि २०१२च्या सुमारास ते बाजारात आलं. वजनाच्या किमान ३५० पट पाणी, हेक्टरी अडीच ते पाच किलो मात्रा आणि चाळिशीपलीकडच्या तापमानातही टिकणारी क्षमता, अशी त्याची ख्याती.

इथे थोडा हिशेब मांडायलाच हवा. पाच किलो जेल ३५० पटीने भरलं तरी एका वेळी पाणी साठतं १,७५० लिटर. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर होतात. म्हणजे जेलमधला साठा पाव मिलिमीटरही नाही! जेल म्हणजे शेततळं नव्हे. ते सरीत, बियाण्याच्या अगदी जवळ पडलं, तर उगवणीच्या नाजूक दिवसांत मुळांपाशी ओल राहते, आणि पाऊस आला की ते पुन्हा भरतं. त्याचा खरा उपयोग एवढा आहे, आणि पेरणीनंतर पावसाने दडी मारली, तर शेतकऱ्याला तो थोडा नाही. पण पटींचे हे आकडे बहुधा डिस्टिल्ड पाण्यातले असतात. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत, विहिरीच्या जड पाण्यात तेवढी अपेक्षा ठेवणं चूक आहे.

पिओरियाचा वारसा मात्र संपला नाही. ओरेगॉनमधल्या एका कंपनीने स्टार्चचं तेच तंत्र घेऊन 'झेबा' काढलं आणि पुढे ते मुंबईच्या यूपीएलकडे आलं. दरम्यान, मातीत वर्षानुवर्षं उरणाऱ्या पॉलिमरांबद्दलची चिंता वाढत होती. युरोपीय संघाने २०१९च्या खत नियमांत पाणी धरणाऱ्या पॉलिमरांना जैवविघटनाची अट घातली. स्टार्च असो वा सेल्युलोज, त्यावर केलेलं कलम बहुतेकदा कृत्रिमच असतं. त्यामुळे 'नैसर्गिक' या बिरुदाचीही तपासणी आली.

राजस्थानच्या नारायणलाल गुर्जर यांनी वेगळी दिशा धरली. फळांच्या सालींतल्या पेक्टिनसारख्या घटकांवर त्यांनी भर दिला. उदयपूरमध्ये शेती अभियांत्रिकी शिकताना हाती घेतलेलं हे काम त्यांनी जपानच्या ओकिनावात नेलं आणि तिथे ईएफ पॉलिमर ही कंपनी उभी केली. भारतात त्यांचं जेल 'फसल अमृत' नावाने मिळतं. ते पॉलिॲक्रिलेटइतकं पाणी पीत नाही, पण काही महिन्यांनी मातीत कुजून जातं. आता अशा प्रत्येक पाकिटावर डिस्टिल्ड पाण्याच्या आकड्याशेजारी विहिरीच्या पाण्यातला आकडाही छापलेला असावा, म्हणजे शेतकऱ्याला पैसे मोजण्याआधी स्वतःच्या रानाचा हिशेब करता येईल.