सासूबाईंचा व्यायाम, सुनेचा मेंदू

डोंबिवलीत मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. खुब्याचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना पलंगाच्या कडेला बसवून पाय उचलायला लावते, तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, यांच्या हल्ली काही लक्षात राहत नाही. रोज चालवलं तर फरक पडेल का हो?" विचारणारी बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधली असते. सकाळचे डबे, फास्ट लोकल, मुलाची बारावी, त्यात स्वतःची कंबर धरलेली. मी उत्तर सासूबाईंबद्दल देते, पण लक्ष तिच्याकडेच असतं. या विषयातलं जे संशोधन मला सगळ्यात विचार करायला लावतं, ते तिच्याच वयाच्या बायकांवर झालेलं आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९६८ साली काही बायकांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवण्यात आलं. पॅडल हळूहळू जड करत न्यायचं आणि बाईने पार दमेपर्यंत मारत राहायचं. अशा १९१ जणी, वयं ३८ ते ६०. चाळीस जणींचा दम दांडगा निघाला, ९२ मधल्या ठरल्या, ५९ कमी दमाच्या. पुढे ४४ वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर ४४ जणींना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झाला होता. मधल्या गटात २५ टक्के, कमी दमाच्या गटात ३२ टक्के आणि दमदार गटात फक्त ५ टक्के, म्हणजे चाळिसात दोघी. बी.पी. चढलं, छातीत दुखलं अशा कारणांनी ज्यांची चाचणी मध्येच थांबवावी लागली, त्यांच्यात तर ४५ टक्के. दमदार गटातल्या ज्यांना आजार झाला, त्यांनाही तो मधल्या गटापेक्षा सरासरी अकरा वर्षं उशिरा झाला. एकीकडे एकोणऐंशी, दुसरीकडे नव्वद.

अकरा वर्षं म्हणजे काय, हे ज्या घरात गॅसचा कॉक बंद करून किल्ली लपवावी लागते, ज्या घरी वॉचमन आजोबांना हाताला धरून परत आणून सोडतो, त्या घराला सांगावं लागत नाही.

तरीही हा अभ्यास वाचून मी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी हा आकडा फार लहान आहे. आणखी तिघींना आजार झाला असता तर सगळी टक्केवारी बदलली असती. शिवाय दम काही नुसत्या व्यायामाने येत नाही, थोडा जन्मतःच मिळतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात दहा हजारांवर माणसांची पाव शतकाहून जास्त काळ नोंद ठेवली गेली. २०१७ साली संशोधकांनी सांगितलं की मध्यमवयातला व्यायाम आणि नंतरचा डिमेन्शिया यांचा संबंध त्यांना दिसला नाही. उलट दिसलं ते असं, की ज्यांना पुढे हा आजार झाला, त्यांची हालचाल निदानाच्या जवळजवळ नऊ वर्षं आधीपासूनच कमी होत गेली होती. म्हणजे चालणं सुटलं म्हणून आजार झाला की आजार आतून सुरू झाला म्हणून चालणं सुटलं?

मनगटावरच्या यंत्राने पावलं मोजणारा ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २०२२ साली आला. सुमारे ७८ हजार माणसं. दिवसाला ९,८०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांत धोका निम्मा, ३,८०० चालणाऱ्यांतही पाव हिश्शाने कमी. आकडे गोड आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असे आकडे गुलाबाच्या फुलासकट फिरतात. पण तो पाठपुरावा जेमतेम सात वर्षांचा. नऊ वर्षं आधीच पाय मंदावत असतील, तर कमी चालणाऱ्यांत आतून आजारी झालेलेही मोजले गेले असणारच.

हे मी मुद्दाम ताणून सांगते, कारण घराघरांत याचा वापर बोट दाखवायला होतो. "बाबा रिटायर झाल्यावर खुर्चीतून उठलेच नाहीत, म्हणून असं झालं," असं मुलगा बाबांच्या समोरच म्हणतो. बाबांना किती कळतं कोण जाणे. पण कदाचित ते खुर्चीतून उठेनासे झाले, तीच पहिली खूण होती. रोज फिरणाऱ्या, योगासनं करणाऱ्या माणसांनाही हा आजार होतो. माझ्या पेशंटांमध्ये अशी माणसं आहेत.

मग व्यायामाची बाजू मी तरीही का घेते? कारण तो मेंदूपर्यंत कोणत्या वाटांनी पोहोचतो, हे बऱ्यापैकी समजलेलं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो विसेक टक्के ओढतो. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बी.पी. आणि शुगरने खराब होतात, आणि नियमित व्यायामाने हे दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते. शिवाय व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. मेंदूतल्या पेशी टिकायला आणि एकमेकींशी जोडलेल्या राहायला ते लागतं. २०११ साली अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वयस्कर माणसांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालला, दुसऱ्याने अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाने एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तो मेंदूचा भाग, दोन टक्क्यांनी वाढलेला होता. दुसऱ्या गटाचा वयाप्रमाणे आक्रसला होता. मात्र स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते. बातम्यांत हे शेवटचं वाक्य गाळलेलं असतं.

आता सासूबाईंचं उत्तर. आजार झाल्यावर व्यायामाने तो मागे फिरत नाही. इंग्लंडमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ जणांवर हे करून पाहिलं, २०१८ साली निकाल आला. ज्यांच्याकडून चांगला दमवणारा व्यायाम करून घेतला, त्यांची ताकद वाढली, पण विसरणं काही मंदावलं नाही. तरी मी आजींना चालवते, कारण तोल राहतो आणि स्वतःच्या पायाने बाथरूमला जाता येतं. पडून पुन्हा खुबा मोडला तर काय होतं, ते मी रोज बघते.

आणि व्यायाम म्हणजे सगळं काही नव्हे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगे चौदा धोके मोजले. सगळे टाळता आले तर डिमेन्शियाच्या ४५ टक्के केसेस टळतील किंवा पुढे ढकलल्या जातील, असा त्यांचा अंदाज. त्यात बैठेपणाचा वाटा दोन टक्के, कमी ऐकू येण्याचा सात. आमच्या बागेतले एक काका पहाटे पावलं मोजत फिरतात आणि कानाचं मशीन कपाटात ठेवतात. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, आणि बायकांत प्रमाण जास्त आहे.

म्हणून परत त्या सूनबाई. "दिवसभर पायाला भिंगरी असते, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" हे मी नेहमी ऐकते. लादी पुसणं, पाणी भरणं यात दम लागत असेल तर ते धरा. ओट्यापाशी चार तास उभं राहण्याने फक्त पाय सुजतात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत धाप लागली पाहिजे. अशी आठवड्याला दीडशे मिनिटं जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. त्यांची सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने करता येते. आधी बी.पी. आणि शुगर तपासून घ्या. चढताना छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. एरिक्सन यांच्या प्रयोगातल्या माणसांनीही पहिल्या दिवसापासून चाळीस मिनिटं चालायला घेतली नव्हती. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात चाळीस. तेवढा वेळ सासूबाईंजवळ कोणी बसायचं, हे मात्र मी मुलाला विचारते.