तवज्जुह आणि शिक्षकाचे लक्ष

नक्शबंदी सूफींच्या परिभाषेत ‘तवज्जुह’ ही संज्ञा गुरुशिष्यसंबंधाच्या एका विशिष्ट अंगासाठी योजिली जाते. अरबी ‘वज्ह’, म्हणजे मुख, या शब्दाशी तिचे नाते असून ‘मुख वळविणे’ हा तिचा मूलार्थ होय. मुर्शिद शिष्यासमोर स्तब्ध बसून आपले चित्त त्याच्या अंतःकरणाकडे वळवितो. शब्दांनी उपदेश होतोच असे नाही. शिष्यास ‘मुरीद’, म्हणजे इच्छा करणारा, म्हणतात. दृष्टी गुरूची असली तरी इच्छा शिष्याचीच असावी लागते.

मराठीत ‘लक्ष’ हाच पर्याय सुचतो. परंतु ‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष ठेवणे’ यांत आपली भाषा भेद करते. ठेवलेल्या लक्षात पहारा असतो. दिलेल्या लक्षात देणाऱ्याचे काही खर्ची पडते. तवज्जुह हे दुसऱ्या जातीचे.

वर्धा शिक्षणयोजनेला हा भेद लावून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषदेने नेमलेल्या अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. लहानपणी त्यांना हसन शाह या ग्रंथवेड्या सूफीचा सहवास लाभला होता. तो त्यांच्याकडून ग्रंथांच्या नकला करवून घेई. शिक्षकाच्या ठायी विद्येपेक्षा प्रेम अगोदर हवे, असे प्रतिपादन त्यांनी पुढे केले. समितीच्या वेळापत्रकात मात्र साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला आणि १० मिनिटे विश्रांतीला आहेत. प्रेमाचा रकाना नाही; तो असणे शक्यही नव्हते.

तथापि त्या ३ तास २० मिनिटांतच त्याला वाव होता. तोंडी धडा चाळीस मुलांना एकदम देता येतो. तकलीवरचा तुटलेला धागा ज्याचा त्यालाच जोडून दाखवावा लागतो. हस्तोद्योग शिक्षकाला एकेका मुलाकडे मुख वळविण्यास भाग पाडतो. धोकाही तेथेच होता. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे ही गांधीजींची अपेक्षा. तसे झाले की लक्ष मुलाकडून सुताकडे सरकते, देण्याचे ठेवणे होते. मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच शिक्षकांची शक्ती जाईल, असा इशारा समितीने स्वतःच्याच अहवालात दिला होता, ही गोष्ट योजनेचे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

वर्धा आणि भंडारा हे जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात होते. सूतकताई आता शाळांतून गेली आहे. दिघोरीसारख्या गावाच्या आसपास, लहान वस्तीच्या ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, तेथे अडचण निराळी आहे: एका इयत्तेकडे मुख वळविले की दुसरीकडे पाठ होते.