१९२० ची अजिंक्यपद स्पर्धा : दोन वर्षांनी पूर्ण झालेला एक हंगाम

आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलच्या अजिंक्यवीरांच्या यादीत १९२० या वर्षासमोर टिपरेरी संघाचे नाव आहे. वरवर पाहता ही एक साधी नोंद वाटते. परंतु त्या वर्षाचा अंतिम सामना प्रत्यक्षात ११ जून १९२२ रोजी खेळला गेला. एक हंगाम पूर्ण व्हायला दोन वर्षे का लागली आणि इतक्या विलंबानंतरही तो रद्द का झाला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

खेळ आणि त्याची संघटना

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. चेंडू पायाने मारता येतो, तसाच हातातही घेता येतो. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात. दांड्यावरून गेला तर सहसा एक गुण मिळतो. म्हणूनच धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहिले जातात.

या खेळाचे नियमन करणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतील थर्लस या गावी स्थापन झाली. मायकल क्युसॅक व मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक, तर कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे तिचे पहिले आश्रयदाते. परकीय राजवटीखाली देशी खेळ विस्मृतीत जात आहेत, याचे आर्चबिशपांना दुःख होते. त्यांच्याच स्मरणार्थ डब्लिन येथील मुख्य क्रीडांगणाला पुढे क्रोक पार्क हे नाव देण्यात आले. या खेळाचा पाया धर्मग्रामात आहे. बहुतेक ठिकाणी क्लब धर्मग्रामाच्या हद्दीनुसार बांधलेला असतो. क्लबांतून काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा संघ निवडला जातो. खेळाडूंना मानधन नसते. ते आपल्या गावासाठी खेळतात.

अर्धवट थांबलेला हंगाम

१९२० साली आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होते. चकमकी, संचारबंदी आणि अटकसत्रे यांमुळे संघांना प्रवास करणेही कठीण झाले. डब्लिनने लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद मिळवून उपांत्य सामन्यात कॅव्हनला हरविले. दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात मात्र स्पर्धा पुढे सरकेना. याच काळात टिपरेरी व डब्लिन यांच्यात क्रोक पार्कवर एक मैत्रीपूर्ण सामना ठरला. तो अजिंक्यपद स्पर्धेचा भाग नव्हता. त्याचे उत्पन्न राजकीय कैद्यांच्या कुटुंबीयांना द्यायचे होते. दिवस होता रविवार, २१ नोव्हेंबर १९२०.

रक्तरंजित रविवार

त्या दिवशी सकाळी मायकल कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ठिकठिकाणी ब्रिटिश गुप्तहेरांवर हल्ले केले. त्यांत अनेक जण ठार झाले. मृतांमध्ये गुप्तहेर नसलेलेही काही होते. शहरावर भीतीचे सावट पसरले. सामना रद्द करावा काय, असा प्रश्न संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपुढे आला. रद्द केल्यास सकाळच्या हत्यांशी संघटनेचा संबंध जोडला जाईल, या भीतीने त्यांनी तो खेळविण्याचा निर्णय घेतला.

खेळ सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती, तोच सशस्त्र पोलीस मैदानात शिरले आणि त्यांनी गोळीबार सुरू केला. तो सुमारे दीड मिनिट चालला. एकूण १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १० वर्षांचा जेरोम ओलिअरी, ११ वर्षांचा विल्यम रॉबिन्सन आणि १४ वर्षांचा जॉन विल्यम स्कॉट ही तीन मुले होती. जेन बॉईल ही तरुणी आपल्या भावी पतीसोबत सामना पाहायला आली होती. पाच दिवसांनी त्यांचा विवाह व्हायचा होता.

मृतांमध्ये एक खेळाडूही होता. ग्रेंजमॉक्लर गावचा, टिपरेरीचा मायकल होगन. तो मैदानावर कोसळला, तेव्हा टॉम रायन हा प्रेक्षक धावत त्याच्यापाशी गेला आणि गुडघे टेकून त्याच्या कानाशी प्रार्थना म्हणू लागला. ती म्हणत असतानाच रायनलाही गोळी लागली व त्याचा मृत्यू झाला.

पुन्हा तेच दोन संघ

११ जुलै १९२१ रोजी युद्धविराम झाला आणि डिसेंबरमध्ये करारावर सह्या झाल्या. त्यानंतर १९२० ची राहिलेली स्पर्धा जिथे थांबली होती, तिथून पुढे सुरू झाली. टिपरेरीने मन्स्टरमध्ये केरीचा आणि उपांत्य सामन्यात मेयोचा पराभव केला. अंतिम सामन्यात त्यांची गाठ पडली ती डब्लिनशीच, आणि तीही क्रोक पार्कवरच. रक्तरंजित रविवारी अर्धवट राहिलेल्या सामन्यातील काही खेळाडू त्याच गवतावर पुन्हा उभे राहिले. टिपरेरीने एक गोल व सहा गुण, तर डब्लिनने एक गोल व दोन गुण नोंदविले. म्हणजेच नऊ विरुद्ध पाच अशा फरकाने टिपरेरी विजयी झाले.

हंगाम रद्द करून पुढच्या वर्षाकडे वळणे सोपे होते. तसे झाले असते, तर १९२० ची आठवण केवळ गोळीबाराची राहिली असती. सामना पूर्ण झाल्यामुळे त्या वर्षाच्या नोंदीत खेळही राहिला. शांततेची ही फट मात्र फारच अरुंद होती. अंतिम सामन्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी, २८ जून १९२२ रोजी यादवी युद्ध पेटले आणि कालचे सहकारी परस्परांवर बंदुका रोखून उभे राहिले.

शंभर वर्षांनंतर

क्रोक पार्कमधील एक भव्य प्रेक्षागार आज होगन याच्या नावाने ओळखले जाते. मृतांपैकी अनेकांच्या कबरींवर कित्येक दशके साधी शिळाही नव्हती. अलीकडच्या काळात संघटनेने पुढाकार घेऊन त्या उभारल्या. मे २०११ मध्ये ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी या क्रीडांगणाला भेट दिली, तेव्हा अनेकांना जुनी जखम भरून येत असल्याचा दिलासा मिळाला.

२१ नोव्हेंबर २०२० रोजी शताब्दीचा स्मरणविधी झाला, तो महामारीमुळे रिकाम्या क्रोक पार्कमध्ये. दुसऱ्याच दिवशी टिपरेरीने कॉर्कला हरवून १९३५ नंतर प्रथमच मन्स्टरचे विजेतेपद मिळविले. खेळाडूंच्या अंगावर १९२० च्या संघासारखे पांढरे-हिरवे सदरे होते. त्या वर्षीचे चारही प्रांतविजेते १९२० चेच होते : डब्लिन, कॅव्हन, मेयो आणि टिपरेरी. उपांत्य फेरीतील जोड्याही त्याच. या वेळी टिपरेरीला मेयोकडून हार पत्करावी लागली. त्यामुळे १९२० चे अजिंक्यपद हेच आजही त्यांचे शेवटचे अखिल आयर्लंड फुटबॉल विजेतेपद आहे. ग्रेंजमॉक्लरच्या दफनभूमीत विसावलेल्या होगनला ते पाहता आले नाही. पण त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा हंगाम अपुरा राहू दिला नाही.