काचेच्या घरातील शेजारी

(घरात मासे पाळण्याचा छंद अनेकांना असतो. परंतु कोणते मासे एकत्र ठेवावेत, याचा विचार फार थोडे लोक करतात. हा विचार कसा करावा, ते या पाठात सांगितले आहे.)

काचेच्या पेटीत फिरणारे रंगीबेरंगी मासे पाहायला कोणाला आवडत नाही? मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पुढे अनेक वर्षे शाळाशाळांच्या सहली ते पाहायला जात असत. हळूहळू लोक घरातही मासे पाळू लागले. आता क्रॉफर्ड मार्केटमध्ये, कुर्ल्याला आणि उपनगरांतल्या लहानसहान दुकानांतही असे मासे मिळतात.

पण पुष्कळदा काय होते? दुकानात जो मासा डोळ्यांत भरतो, तो आपण घेतो. एक लाल, एक काळा, एक पट्ट्यांचा, असे सात-आठ मासे पिशवीत भरून घरी आणतो. आठवडाभरात एकाचे पर फाटतात, एक नाहीसा होतो, दोन मरून पाण्यावर तरंगतात. मग घरातले लोक म्हणतात, "आपल्याला मासे लाभत नाहीत." खरे पाहता यात नशिबाचा दोष नसतो. निवड चुकलेली असते.

नदीत एखादा दांडगा मासा मागे लागला, तर दुबळा मासा दूर पळतो किंवा दगडाआड लपतो. काचेच्या पेटीत त्याला पळायला जागा नसते. तेथले शेजारीही त्याने निवडलेले नसतात. ते आपण निवडतो. म्हणून मासे आणण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. आपल्या भांडुपमध्ये महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. आशियातील मोठ्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. वैतरणा, तानसा यांसारख्या दूरच्या तलावांचे पाणी तेथे गाळून शुद्ध करतात आणि त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनमुळे रोगजंतू मरतात, म्हणून ते पाणी आपण निर्धास्तपणे पितो. माशांच्या कल्ल्यांना मात्र क्लोरीनमुळे इजा होते. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे आणि मगच पेटीत घालावे. दुकानात क्लोरीन घालवणारे औषधही मिळते.

तलावाचे हे पाणी मृदू असते, म्हणजे त्यात क्षार कमी असतात. बोअरिंगचे पाणी बहुधा कठीण असते. मॉली, प्लॅटी आणि गप्पी या माशांना थोडे कठीण पाणी मानवते. दक्षिण अमेरिकेतील निऑन टेट्रा मृदू पाण्यातला मासा आहे. ज्यांना एकाच प्रकारचे पाणी मानवते, तेच मासे एकत्र सुखाने राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमान. गोल्डफिश मूळचा चीनमधला. त्याला थंड पाणी आवडते. फायटर मासा थायलंडकडचा. त्याला कोमट पाणी हवे असते. दोघांना एका पेटीत ठेवले, तर एकाला तरी त्रास होणारच. मुंबईच्या उन्हाळ्यात घरातल्या पाण्याचे तापमान ३० अंशांच्या आसपास जाते. म्हणून आपल्याकडे उष्ण प्रदेशातले मासे निवडणे शहाणपणाचे असते.

तिसरी गोष्ट म्हणजे आकार. येथेच लोक सर्वांत जास्त फसतात. दुकानातले बहुतेक मासे पिल्ले असतात, त्यामुळे सगळे सारखेच दिसतात. बोटाएवढा ऑस्कर मासा मोठा होऊन सुमारे ३० सेंटिमीटर लांब होतो. काच साफ करील म्हणून आणलेला सकर मासाही फूटभर वाढतो. एंजल मासा दिसायला शांत आणि देखणा असतो, पण तो मोठा झाला की लहानसा निऑन टेट्रा गिळून टाकतो. त्यात त्याचा काही अपराध नाही. जो मासा तोंडात मावतो, तो त्याच्या दृष्टीने खाऊच असतो. म्हणून मासा आज केवढा आहे, हे पाहू नये. तो केवढा होणार आहे, हे विचारावे.

चौथी गोष्ट म्हणजे स्वभाव. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले, तर ते एकमेकांना जखमी करतात. फ्लॉवरहॉर्न मासा एकटा ठेवलेलाच बरा. टायगर बार्ब चपळ आणि खोडकर असतो. एंजल, गुरामी, गप्पी यांचे लांब पर तो कुरतडतो. याउलट काही माशांना सोबत लागते. झेब्रा मासे, टेट्रा आणि बार्ब हे थव्याने राहणारे मासे आहेत. त्यांतला एकच मासा आणला, तर तो घाबरून कोपऱ्यात बसतो किंवा चिडून दुसऱ्यांना त्रास देतो. असे मासे निदान सहा तरी ठेवावेत.

पाचवी गोष्ट म्हणजे जागा. काही मासे पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, काही मध्ये राहतात, तर काही तळाशी वावरतात. तिन्ही थरांतले मासे निवडले, तर गर्दी होत नाही आणि भांडणेही कमी होतात.

आता एक उदाहरण पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पेटीत साधारण ५० लिटर पाणी मावते. अशा पेटीत आठ झेब्रा मासे, दोन हनी गुरामी आणि पाच कुली लोच ठेवता येतील. झेब्रा मासा आणि हनी गुरामी हे दोघेही आपल्याच उपखंडातले आहेत. झेब्रा वरच्या थरात धावपळ करतो. लाजाळू गुरामी पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतो. सापासारखा लांबट कुली लोच दिवसा तळाशी लपतो आणि रात्री अन्न शोधतो. त्याच्यासाठी तळाशी बारीक वाळू आणि लपायला जागा हवी.

पाणी थोडे कठीण असेल, तर गप्पी आणि प्लॅटी यांची जोडी चांगली. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. नर-मादी एकत्र ठेवले, तर साधारण महिन्याला नवी पिल्ले येतात आणि पेटी पाहता पाहता भरून जाते. म्हणून नुसते नर ठेवणे सोयीचे. हाच गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो. हिवताप आणि डेंग्यू पसरू नयेत म्हणून मुंबईत विहिरींत व टाक्यांत गप्पी मासे सोडले जातात.

निवड चांगली असली, तरी घाई करू नये. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचे कमी घातक पदार्थात रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत प्रथम दोन-तीनच काटक मासे सोडावेत आणि थांबून थांबून बाकीचे आणावेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मासा फार मोठा झाला किंवा इतरांना मारू लागला, की काही लोक त्याला जवळच्या तलावात सोडून देतात. त्यांना वाटते, आपण त्याला जीवदान दिले. आपल्या भांडुपच्या आसपास विहार, तुळशी आणि पवई हे तलाव आहेत. त्यांत आपले देशी मासे राहतात. परदेशी मासा तेथे रुजला, तर तो देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. सकर मासा भारतातील कितीतरी तलावांत असाच पसरला आहे. त्याच्या टोकदार काट्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. म्हणून नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या माणसाकडे सोपवावा. पाण्यात मात्र कधीही सोडू नये.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी दुकानात जाल, तेव्हा "चाचा, हा मासा कितीला?" एवढेच विचारू नका. "हा केवढा होईल? याला कसले पाणी लागते? हा कोणाबरोबर राहतो?" हेही विचारा. उत्तर नीट मिळाले नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. मुका जीव आपली तक्रार सांगू शकत नाही. त्याच्या वतीने हे प्रश्न आपणच विचारायचे असतात.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नळाचे पाणी पेटीत घालण्यापूर्वी एक दिवस का ठेवावे?
(आ) कोणते मासे निदान सहा तरी ठेवावेत?

२. कारणे लिहा.
(अ) एंजल आणि निऑन टेट्रा एकत्र ठेवू नयेत.
(आ) नको असलेला मासा तलावात सोडू नये.

३. विरुद्धार्थी शब्द लिहा : मृदू, दुबळा, शांत, देशी.

४. तुमच्या घरी दोन फुटांची पेटी आणली आहे. तिच्यात कोणते मासे ठेवाल आणि का, ते आठ-दहा ओळींत लिहा.