व्हँ झोन

व्हँ झोन : (पीत वाइन). पूर्व फ्रान्समधील जुरा पर्वताच्या पश्चिम उतारांवर होणारी अगोड वाइन. ती साव्हान्याँ या उशिरा पिकणाऱ्या पांढऱ्या द्राक्षांपासूनच करतात. हवेच्या संपर्काने वाइन आंबट होते. म्हणून बाष्पीभवनाने पिपात पडलेली तूट सामान्यतः वेळोवेळी भरून काढतात. येथे मात्र ती मुद्दाम भरत नाहीत. वाइनच्या पृष्ठावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. त्यामुळे हवेचा संपर्क मर्यादित राहून वाइनला आक्रोडासारखा स्वाद येतो. पापुद्रा नीट न धरल्यास वाइनचे व्हिनेगर होण्याचा धोका असतो. नियमानुसार ती किमान ६० महिने पापुद्र्याखाली राहावी लागते व हंगामानंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत मुरवावी लागते. तोवर एका लिटरमधून सु. ६२ सेंटिलिटर वाइन उरते, असे मानतात. तिची क्लाव्हलँ ही बाटलीही तेवढ्याच मापाची असते.

शातो-शालाँ येथील वाइन विशेष प्रसिद्ध आहे. थंड हवेत द्राक्षे दरवर्षी सारखी पिकत नाहीत. पीक निकृष्ट ठरल्याने १९७४, १९८०, १९८४ व २००१ या वर्षी तेथील उत्पादकांनी त्या नावाने वाइन काढलीच नाही. आर्ब्वा येथे बालपण गेलेल्या लूई पाश्चर यांनी वाइन बिघडण्याच्या कारणांचे संशोधन काही काळ त्याच गावी केले.