नकाशा कागदावर असतानाच बोलूया



गावात नवी अंगणवाडी, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचं कार्यालय बांधायचं ठरतं. नारळ फुटतो, काम सुरू होतं. इमारत उभी राहिल्यावर कळतं, की कुबडी घेऊन चालणाऱ्या वहिनींना पायऱ्या चढता येत नाहीत. गुडघे धरलेल्या आजी दाखल्यासाठी बाहेरच ताटकळतात. मग कुणीतरी उचलून आत न्यायचं. त्यात त्या बाईला किती संकोच वाटतो, हे आपल्याला कळतं. हे टाळता येतं. कसं, ते आज पाहू.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याचं कलम ४४ सांगतं, की दिव्यांगांना वापरता येईल असा नकाशा नसेल, तर बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींनाही सुधारणेसाठी पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की याबाबतचे नियम नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक हवेत.

आता रॅम्प कसा हवा? हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दीड फूट उंच असेल, तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. पुष्कळ ठिकाणी चार-पाच फुटांचा खडा उतार करून काम उरकतात. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरताना हातातून सुटते. रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, फरशी निसरडी नको. दार साधारण तीन फूट रुंद हवं. शौचालयाच्या दारात पायरी नको, आत धरायला दांडी हवी. याचा उपयोग गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांनाही होतो.

अठरा फुटांची जागा मागाहून सापडत नाही, म्हणून आधीच बोलायला हवं. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे नकाशा आणि अंदाजपत्रक मागूया. रॅम्प किती फुटांचा, शौचालय कसं, हे विचारूया. पैसे नाहीत असं म्हणाले, तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, याची आठवण देऊया.

नुसतं बोलून थांबायचं नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला का, ते वाचून घ्यायचं. ऐकलं नाही, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवायची.

आणि हो, सभेला जाताना आपल्या गटातल्या दिव्यांग मैत्रिणीला बरोबर न्यायचं. तिला काय अडतं, ते तीच नीट सांगेल. सभेची जागा तिला पोहोचता येईल अशी आहे ना, हे मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवा.