फूटपट्टीवरचं लेह

"आई, पायाला प्लास्टर घातलंय. पण तू मुळीच येऊ नकोस हं!" लेहहून लेकीचा फोन आला. ती तिथं बँकेत नोकरीला, एकटीच राहते. आता 'येऊ नकोस'चा अर्थ आईला कुणी वेगळा सांगायला हवा का?

ह्यांनी शाळेतला जुना नकाशा काढला, नागपूर ते लेह फूटपट्टी ठेवली. सरळ रेषेत साधारण १४५० किलोमीटर. "विमान ताशी आठशेनं जातं. म्हणजे दोन तासांत तू लेकीजवळ!" मी लगेच चिवडा करायला घेतला.

तिकीटवाल्याकडे मात्र सगळं गणित फसलं. नागपूरहून लेहला थेट विमान नव्हतं. आधी दिल्ली, साधारण ८५० किलोमीटर. तिथून लेह, आणखी ६२०. "८५० किलोमीटरला तासभर पुरे की! मग तिकिटावर दीड तासाच्या वर कसं?" मी विचारलं. तर तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं, सगळं त्यात आलं. पोळ्या अर्ध्या तासात होतात म्हणतो आपण, पण कणीक मळण्यापासून मोजतं कोण?

दुसरी गंमत लेहची. तिथला विमानतळ दहा हजार सातशे फुटांच्या आसपास उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. दुपारी वारा जोर धरतो आणि विरळ हवा तापून आणखी विरळ होते. विमानाला उचल कमी मिळते. म्हणून बहुतेक विमानं सकाळीच ये-जा करतात. मी नागपूरहून संध्याकाळी निघाले, रात्र दिल्ली विमानतळावर खुर्चीत काढली आणि पहाटे पुढचं विमान धरलं. दोन तासांचा प्रवास असा रात्रभराचा झाला.

लेहला उतरून पिशवी उघडली, तर चिवड्याची बंद पाकिटं फुग्यासारखी टम्म! बाहेर हवेचा दाब कमी, आतली हवा नागपूरची. माझं डोकंही तसंच झालं होतं. निघण्याआधी आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. पाणी प्या, जिने चढू नका." बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

लेकीला गरम वरण-भात करून घालायला गेलेली मी! आणि झालं काय? एका खाटेवर ती, पायाला प्लास्टर. दुसऱ्या खाटेवर मी, डोक्याला रुमाल. चहा घरमालकीणबाई आणून देत होत्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की डोळे भरून आले. लेक म्हणाली, "अगं, नुसती समोर दिसतेस ना, तेवढं पुरे."

तिसऱ्या दिवशी उठले, कुकर लावला. खाटेपासून ओट्यापर्यंत मोजून चार पावलं. १४५० किलोमीटर एका रात्रीत झाले, या चार पावलांना दोन दिवस लागले!

तेव्हा मैत्रिणींनो, लेक दूर असेल तर किलोमीटर नंतर विचारा. आधी विचारा, विमान किती वाजता आणि पोहोचल्यावर विश्रांती किती. आणि पाकिटं फुगली तरी चिवडा न्याच. आमचा दोन दिवसांत संपला.